धुरा कोणत्या तालुक्यात येतो?

लग्नकार्यात कुणी विचारले, "तुम्ही नोकरी काय करत होत्या?" की मी सांगते, "वाळलेल्या वनस्पतींची छायाचित्रे काढत होते." विचारणारी बाई क्षणभर थांबते, माझ्या चेहऱ्यावर थट्टेची काही खूण दिसते का ते पाहते आणि म्हणते, "अवो, मंग हिरव्या झाडाईचेच काढाचे ना." अशी एक तरी बाई मला अमरावतीच्या प्रत्येक मंगल कार्यालयात भेटली आहे. तिला द्यायचे उत्तर पंगत वाढून होईपर्यंत संपणारे नाही, म्हणून ते येथे लिहिते.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. मी मराठी कवितेची विद्यार्थिनी. ओवीचा चौथा चरण आखूड का होतो आणि तो आखूड झाल्यावर कानाला थांबावेसे का वाटते, अशा प्रश्नांत माझी एम.ए.ची वर्षे गेली. पुढे मराठी टंकलेखन येते या एकाच व्यावहारिक गुणावर मला अमरावतीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात काम मिळाले. जाहिरातीत लिहिले होते, 'जुने मराठी हस्ताक्षर वाचता येणे आवश्यक.' मला वाटले, पोथ्या असतील. निघाली गवते.

आधी काम समजावून सांगते. रानातली वनस्पती शक्यतो मुळासकट काढायची, वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरायची आणि वजनाखाली दाबून वाळवायची. रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. वाळली की जाड पांढऱ्या कागदावर ती टाक्यांनी शिवायची. उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी डकवायची: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. फूल रंग सोडते, पण आकार सोडत नाही. नीट राखलेला कागद तो शिवणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक जगतो.

हे कागद संगणकात नेण्याचे काम आमचे होते. खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा, सावली पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना दिवे, कागदाच्या कडेला मोजपट्टी आणि रंगांची पट्टी. कळ दाबली की कागद पडद्यावर उमटे, इतका स्वच्छ की पानावरची लव बोटाला टोचेल असे वाटावे. मग चिठ्ठीतला मजकूर मी रकान्यांत भरायचा आणि शेवटी ठिकाणाच्या नावावरून त्या वनस्पतीची नकाशावर एक टाचणी बसायची. हा खटाटोप पुण्याच्या केतकी नावाच्या एका संशोधक मुलीच्या प्रकल्पाचा होता. गावे पसरून शहरे झाली तेव्हा कोणत्या वनस्पती गेल्या, कोणत्या नव्याने आल्या, कोणत्या तग धरून राहिल्या, हे तिला शोधायचे होते. आज रस्त्याकडेला काय उगवते ते कुणीही पाहू शकते. पूर्वी काय उगवत होते, याला साक्षीदार फक्त आमची कपाटे.

त्या खोलीचा वास मला अजून डोळे मिटून ओळखता येईल. डांबराच्या गोळ्या, जुना कागद, आणि त्याखाली कडब्याच्या गंजीसारखा कोरडा, गोडसर दरवळ. एक कपाट उघडले की मात्र लिंबाच्या सालीसारखी तिखट झुळूक येई. तिखाडी नावाचे सुगंधी गवत त्यात होते. शिवणारे हात केव्हाच गेले होते, गवताने वास सोडला नव्हता. कवितेतही असे एखादे कडवे असते, कवीचे नाव विसरल्यावरही ज्याचा दरवळ राहतो.

खोलीत आम्ही तिघे. नसीम आपा कागद शिवायच्या. मूळच्या अकोल्याच्या. त्यांचे यजमान तिथल्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, होते. कापसाच्या वाईट वर्षांत जिनिंग बंद पडले तेव्हा कुटुंब अमरावतीला आले. त्या धागा देठावरून घेत आणि गाठ कागदामागे मारत. जुन्या कागदावरचा टाका ढिला झाला असेल तर नवा टाका त्या जुन्याच छिद्रातून नेत. "कागदाले दुसरं भोक कायले पाडाचं, बाई?" म्हणत. तिसरे विभागप्रमुख बोंडे सर. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, आणि बोलले तर वऱ्हाडीतच बोलणारे. परिसंवादात इंग्रजी निबंध वाचून झाल्यावर प्रश्नांची उत्तरेही ते वऱ्हाडीतून देत, असे मी पाहिले आहे.

संग्रहातला मोठा वाटा काळमेघ सरांचा. बोंडे सरांचे ते गुरू. मी कामाला लागले तेव्हा त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या पिढीचे प्राध्यापक सुट्टी लागली की चिखलदऱ्याला चढत आणि दुर्मीळ आमरी, म्हणजे ऑर्किड, घेऊन उतरत. काळमेघ सर मात्र सायकलने अमरावती आणि अकोल्याच्या भोवतीच फिरले आणि त्यांनी गोळा केले ते तण, वेली आणि गवते. सहकारी त्यांना पाठीमागे 'गवतवाले सर' म्हणत. चिठ्ठ्या ते मराठीत लिहीत. त्यांचे अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेले, वाऱ्यावरच्या कुसळीसारखे. ते वाचण्यासाठीच मला नेमले होते.

आमच्याकडे माणसेही चित्रविचित्र येत. वाळलेल्या वनस्पतींचा साठा म्हटला की निम्म्या लोकांना वाटे हा औषधांचा कारखाना आहे. कुणी मूळव्याधीवर पाला मागे, कुणी जावयाला वश करण्यासाठी. एकदा पांढरीशुभ्र सफारी घातलेले एक गृहस्थ दार लोटून आत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पांढऱ्या पळसाचा कागद हाय का तुमच्यापाशी?" ज्याला केशरीऐवजी पांढरी फुले येतात तो पळस गुप्तधन दाखवतो, असा समज आपल्याकडे आहे. त्यांना त्या झाडाचे ठिकाण हवे होते.

नसीम आपांनी सुई थांबवली नाही. "हाय ना, भाऊ. पन आधी आमच्या सराईच्या चपला पाहून घ्या. धन भेटते तं त्या अशा राह्यल्या असत्या का?"

गृहस्थांनी बोंडे सरांच्या चपला खरोखर वाकून पाहिल्या. मग चहा घेतला, "बरोबर हाय," म्हणाले आणि गेले.

हसणे असे होते. पण ज्या वर्षांविषयी मी लिहीत आहे ती वर्षे हसण्याची नव्हती. काही वनस्पती अजून वर्तमानपत्राच्या घड्यांतच होत्या. बोंडे सरांच्या विद्यार्थ्यांनी त्याच वाईट वर्षांत त्या वाळवल्या होत्या. घडी उलगडली की आधी शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी दिसे, मग वनस्पती. आघाड्याच्या काटेरी तुऱ्याखाली एका गावाचे नाव, तरोट्याच्या शेंगेखाली दुसऱ्या. मी त्या बातम्या मोठ्याने वाचत नसे. नसीम आपा घडी हातात घेत, वनस्पती काढून घेत आणि कागद उलटा ठेवत.

आणि जमिनी विकल्या जात होत्या. शहराला लागून असलेले वावर, म्हणजे शेत, आधी जाई. ज्वारीच्या जागी चुन्याच्या रेघा येत, रेघांच्या जागी दगड, आणि पाटीवर लिहिलेले असे, अमुक लेआउट. त्याच सुमारास आमच्या संस्थेला आमची खोली हवीशी झाली. संगणकाचा नवा अभ्यासक्रम निघायचा होता. संग्रह ठेवावा की काढून टाकावा, हे ठरवण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. संस्थेचे सचिव वानखडे साहेब तिचे अध्यक्ष. संग्रह उपयोगाचा आहे असे दिसले तर कपाटे राहतील, नाहीतर दिवाळीनंतर खोली रिकामी. दूरच्या एखाद्या संस्थेने निवडक कागद नेले असते. उरलेले कुठे गेले असते, ते महाविद्यालयाच्या मागच्या दाराशी नेमाने येणारा रद्दीवाला सांगू शकला असता.

बोंडे सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. एवढेच म्हणाले, "मी गेलो तं चालते. हे नाही गेले पाह्यजेत." 'हे' म्हणताना त्यांनी कपाटाच्या दारावर तळहात ठेवला होता, गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आमची सारी भिस्त केतकीच्या नकाशावर होती. नकाशा तयार झाला आणि त्याच दिवशी दुपारी तिचा दूरध्वनी आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. धुरा हे गाव कुठल्या तालुक्यात येतं?"

मला प्रश्न कळलाच नाही. "कोणतं गाव?"

"धुरा. तुमच्या काळमेघ सरांचं अर्ध्याहून जास्त गवत तिथलंच आहे. मी आधी समजले, मोठं गाव असेल. पण संगणकाला ते महाराष्ट्रात सापडेना, म्हणून त्याने जवळच्या उच्चाराचं नाव शोधलं. आता सगळ्या टाचण्या उत्तरेत, हिमालयातल्या एका गावावर बसल्यात."

मी रिसीव्हरवर हात ठेवून खोलीला ही बातमी सांगितली. नसीम आपांनी सुई खाली ठेवली, तेव्हाच मला कळले की आता त्या बराच वेळ हसणार आहेत. "हिमालयात? अवो बाई, थंडी वाजत असन ना त्याईले."

आमच्याकडे दोन वावरांच्या मधला जो मातीचा उंचवटा, त्याला धुरा म्हणतात. पश्चिमेकडचे लोक त्याला बांध म्हणतात. केतकीला धुरा माहीत होती ती खांद्यावर घेतात ती, जबाबदारीची, आणि तीही स्त्रीलिंगी. आमचा धुरा पुल्लिंगी, त्याच्यावर चालतात, त्याच्यावर बसून शिदोरी सोडतात, आणि त्याच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. एकच शब्द दोन मुलखांत लिंगही बदलतो आणि वजनही. काळमेघ सरांनी ठिकाणाच्या रकान्यात लिहिले होते, 'धुरा'. मी निष्ठेने टंकित केले होते, 'धुरा'. वाचणाऱ्याला शब्द परका असेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नव्हते. घरातल्या शब्दाचा अर्थ कोण लिहून ठेवतो?

केतकीही हसली. मग गंभीर झाली. "पण मॅडम, मग प्रश्न तसाच राहतो. बांध हे ठिकाण होत नाही. बांध सगळीकडेच असतात. कोणता बांध?"

तोवर उशीरही झाला होता. प्रगतीच्या अहवालाबरोबर तो नकाशा सकाळीच समितीकडे जाऊन पोचला होता. दुसऱ्याच दिवशी वानखडे साहेबांनी बोंडे सरांना बोलावून घेतले. परत आल्यावर सरांनी बोलणे जसेच्या तसे सांगितले.

"म्हणे, सर, तुमचे काळमेघ सर हिमालयात कधी गेलते? मी म्हनलं, धुरा म्हंजे बांध होय, मशीनले नाही समजलं. तं म्हणे, मले समजते ना धुरा, मी शेतकऱ्याचाच पोरगा हावो. पन ज्याले गाव नाही त्या गवताचं काय करू? दिवाळी झाली का आमी येतो, तोवर पाहा काही सापडते का."

नसीम आपा म्हणाल्या, "मानूस वाकडा नाही, सर. बोलते वाकडं."

आम्ही पुन्हा चिठ्ठ्यांकडे वळलो. 'धुरा' या शब्दापुढे बऱ्याच ठिकाणी दोन आडनावे होती. 'धुरा, वानखडे–राऊत.' 'धुरा, ठाकरे–कडू.' ही नावे आम्ही गोळा करणाऱ्यांच्या रकान्यात घातली होती. सरांबरोबर विद्यार्थी जात असतील, हे आम्ही धरूनच चाललो होतो. बोंडे सरांना तर त्यातले काही आठवूही लागले होते. "राऊत आमच्या मागच्या वर्गात दोन होते. एक उंच होता, तो जात असन." आता वाटले, यांपैकी एखादा विद्यार्थी हयात असेल तर तो धुरा दाखवू शकेल. पण जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना विचारले त्यांतल्या कुणालाच सरांबरोबर रानात गेल्याचे आठवेना. उंच राऊतांनी तर, मला गवताने शिंका येतात, असे कळवले.

काळमेघ सरांची मुलगी, शोभाताई, अकोल्यात राहत होत्या. मी आणि नसीम आपा बडनेऱ्याहून गाडीने गेलो. पाऊस नुकताच संपला होता आणि अकोल्याचे ते प्रसिद्ध ऊन आश्विनातही डोक्यावर हात ठेवून उभे होते. मोर्णेचा पूल ओलांडताना नसीम आपा रिक्षातून बाहेर वाकून नदीकडे पाहत राहिल्या. बंद जिनिंगच्या भिंतीवरून मात्र त्यांनी नजर काढून घेतली.

शोभाताईंनी चहा ठेवला, चिवडा काढला आणि आमचा प्रश्न ऐकून घेतला. "सोबत? बाबाईच्या सोबत कोन जाईन? एकटे सायकल काढत अन् उन्हं चढाच्या आत गवताचा भारा घेऊन घरी येत. शेजारच्या बायका आईले विचारत, म्हैस घेतली का म्हणून."

"मग हे वानखडे, राऊत, ठाकरे, कडू?"

"विद्यार्थी कायचे, अवो. वावरवाले होत ते. इकून वानखड्याचं वावर, तिकून राऊताचं, मधात धुरा."

मी नसीम आपांकडे पाहिले. त्या चिवडा चावायच्या थांबल्या होत्या.

"पण ते धुऱ्यावरच का जात? वावरात का नाही?"

शोभाताई हसल्या. वडिलांचा आवाज काढून त्यांनी सांगितले, "बाबा म्हणत, वावरात पाय ठेवला तं मालक इचारते, कोन हाय रे तू. धुऱ्यावर कोनी इचारत नाही. इकडच्याले वाटते तिकडचा मानूस असन, तिकडच्याले वाटते इकडचा."

परतीच्या गाडीत मी यावर पुष्कळ विचार केला. वावर दरवर्षी नांगरले जाते, निंदले जाते, अलीकडे तर फवारून जाळलेही जाते. तिथे पिकाशिवाय काही टिकू शकत नाही. धुरा मात्र दोघांचा असतो, म्हणून त्याला एकट्याने हात लावायचा नसतो. एकाने वखराच्या एका फेऱ्यात वीतभर कोरला तर दुसरा कुऱ्हाड घेऊन येतो. त्या वैरात गवताला अभय मिळते. काळ्या मातीवर माणूस येण्याआधी जे काही उगवत असेल, त्याचा उरलेला अंश काळमेघ सरांना जिथे सापडला ती जागा दोन शेजाऱ्यांच्या अबोल्याची होती. लोक ज्यांना गवतवाले म्हणून हसत होते, त्या माणसाला हे उमगले होते. मला त्या क्षणी त्यांचे अक्षर वाचणारी असल्याचा जो अभिमान वाटला, तो आजही उणावलेला नाही.

बोंडे सरांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अन् मी राऊतले वर्गात शोधून राह्यलो."

आता वावरे कळली होती, पण ती उरली कुठे होती? बहुतेकांवर लेआउट पडले होते. पाट्यांवरची नावे देवांची आणि फुलांची. जुने सातबारे काढायचे तर कचेरीचे हेलपाटे, आणि दिवाळी तोंडावर आलेली. अशा एका संध्याकाळी नसीम आपा पिशवी आवरताना स्वतःशीच कुरकुरत होत्या. "समोरच्या लेआउटमधून माहं घर डोयानं दिसते, पन जाता येत नाही. यांचा रस्ता इथं संपते, त्यांचा तिकडं सुरू होते. दोघाईचे रस्ते काई जुळत नाहीत. रोज वळसा घालून मरा."

"कसे जुळतीन?" बोंडे सर कागदावरून मान न उचलता म्हणाले. "जो तो आपापलं वावर पाडते. मधात धुरा होता ना."

बोलून झाल्यावर ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना आपल्याच कानांनी ऐकू आले असावे. मी खुर्चीतून उठले. नसीम आपांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

अमरावतीत राहणाऱ्या प्रत्येकाने त्या न जुळणाऱ्या रस्त्यांना शिव्या घातल्या आहेत. प्रत्येक शेतमालक आपल्या वावरापुरते भूखंड आणि आपल्यापुरते रस्ते आखतो. शेजारी काही वर्षांनी विकतो तेव्हा त्याचे रस्ते वेगळ्याच ठिकाणी येतात. दोन लेआउटांच्या शिवणीवर सारे तुटते. ती शिवण म्हणजेच जुना धुरा. शहराच्या नकाशावर तुटक्या रस्त्यांची टोके आम्ही पेन्सिलीने जोडली, तेव्हा वावरे पुन्हा उमटली. जुन्या रहिवाशांना विचारून त्यांना आडनावे लावायला मग फार वेळ लागला नाही.

वानखडे–राऊत धुरा आम्ही तिघांनी चालत पाहिला. एका बाजूला एका वसाहतीच्या भिंतींच्या पाठी, दुसऱ्या बाजूला दुसरीच्या. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फुटक्या फरश्या, प्लास्टिक, एका घरातून टाकून दिलेले तुळशीचे मडके. पायाखाली गाजरगवत, ते तर सगळीकडचेच. थोडे पुढे गेलो आणि मारवेल नावाचे गवत लागले. जांभळट तुरे वाऱ्यावर एका बाजूला कलत होते. मग कुसळी, साडीच्या काठात घुसणारी. तरोट्याच्या वाळलेल्या शेंगांचा खुळखुळाट. हरणदोडीची वेल भिंतीवरच्या काचांच्या तुकड्यांना न जुमानता पलीकडे उतरली होती. बोंडे सरांच्या चपलेखाली काही चिरडले आणि लिंबाच्या सालीचा तिखट वास उठला.

"अवो, ही तं आपल्या कपाटातली," नसीम आपा म्हणाल्या.

सरांनी खाली बसून तिखाडीचे पाते हातात घेतले आणि बोटांत चुरून नाकाशी धरले. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "ओ काका, काई हरपलं का?"

"सापडलं," सर म्हणाले.

नवा नकाशा आला तेव्हा टाचण्या उत्तरेतून उतरून आपल्या मुलखात आल्या होत्या आणि रांगा धरून उभ्या होत्या, थेट शिवणींवर. केतकी स्वतः पुण्याहून आली, आमच्याबरोबर पट्ट्यापट्ट्यातून फिरली. जाताना म्हणाली, "मॅडम, शहरातल्या एकाही बागेत यातलं काही नाही. जिथे दोन वसाहतींचं पटत नाही, तिथेच तुमचं जुनं वऱ्हाड शिल्लक आहे." पुण्याच्या मुलीने हे म्हणावे, याचे मला बरे वाटले.

दिवाळीनंतर समिती आली. वानखडे साहेब नकाशावर वाकले. बोट फिरवत फिरवत एका रांगेशी थांबले. "हे तं माह्या घरामागची जागा. कचरा साचते तिथं."

मी तो कागद काढून आणला. मारवेलीचा होता. नसीम आपांचा टाका, काळमेघ सरांचे अक्षर. 'धुरा, वानखडे–राऊत.' साहेबांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग बाकीच्या दोघा सदस्यांना म्हणाले, "तुमी जरा चहा घेऊन या." ते गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतले.

"सर, याच्यावर आमचा दावा चालू आहे. माह्या बापाच्या वक्तापासून. राऊत म्हंते, मधात धुरा कधी होताच नाही, भिंतीपरेंत सारी जमीन त्याईचीच. तुमी फक्त एक लिहून द्या. शास्त्रज्ञ म्हणून. का हा धुरा होता अन् वानखड्याच्या आंगानं होता, आमच्या हद्दीत. कपाटं मंग कुठंच जात नाहीत. खोलीले रंगही मारून देतो."

पंखा फिरत होता. नसीम आपांची सुई कागदातून अर्धी वर आली होती आणि तिथेच राहिली होती. बोंडे सरांनी एकदा कपाटांकडे पाहिले. त्या नजरेत काय होते ते मी लिहू शकत नाही. एवढेच सांगते की ती नजर लवकर परत आली नाही. माझ्याही मनात येऊन गेले की एक ओळ लिहायची आहे, आणि त्या ओळीच्या पलीकडे या साऱ्या वनस्पतींचे आयुष्य आहे.

"साहेब," सर म्हणाले, "धुरा होता, हे हा कागद सांगते. तेवढं मी पाह्यजे तेथं लिहून देतो. कोनाच्या आंगानं होता, हे तो सांगत नाही. गवताले ते माहीतच नव्हतं."

"राऊत आला तं?"

"त्यालेही हेच सांगन."

वानखडे साहेब त्या मारवेलीवर वाकले. गवताचा तुरा पूर्वी जांभळा असेल. आता मातीच्या रंगाचा झाला होता. त्यांनी कागद उचलला तसाच दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"बाप मेला तोवर सांगत होता, धुरा होता म्हणून. कोनी खरं नाही मानलं. मलेही कधी कधी वाटे, म्हातारा खोटं बोलून राह्यला." त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवले. "तेवढं खरं निघालं. राहू द्या कपाटं."

बाकीचे सदस्य परत आले. सह्या झाल्या. दारापर्यंत जाऊन साहेब वळले आणि बोंडे सरांना म्हणाले, "रंग मात्र नाही मारून देत."

ते बोलल्याप्रमाणे वागले. बोंडे सर निवृत्त झाले, पुढे मीही झाले. त्या खोलीच्या भिंतींना आजही पोपडे आले आहेत. संगणकाचा अभ्यासक्रम दुसरीकडे गेला. नवी मुले येतात, काळमेघ सरांच्या कागदांवर प्रबंध लिहितात, आणि कुणीतरी हळूच विचारते की एवढ्या मौल्यवान संग्रहाच्या खोलीची ही अवस्था का. त्या पोपड्यांचा मला जितका अभिमान वाटतो, तितका आयुष्यात मिळालेल्या दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

शहरातल्या पुष्कळ शिवणी त्यानंतर बुजल्या. कुठे नाली झाली, कुठे सिमेंटचा रस्ता, कुठे दोन वसाहतींनी समेट करून मंदिर बांधले. जिथे समेट झाला तिथले गवत गेले, हे मी दुःखाने नोंदवते. वानखडे–राऊत धुरा अजून आहे, कारण त्यांचा दावा अजून न्यायालयात आहे. तो लवकर निकाली निघावा, असे खरे सांगते, मला वाटत नाही.